भिंतीची ओल आणि न थांबणारा खोकला



पावसाळ्यात गटाच्या बैठकीला एक तक्रार हमखास येते. "पोराचा खोकला काही जात नाही गं ताई, दोन बाटल्या औषध झालं!" अशा वेळी औषधाबरोबर घराच्या भिंतीकडेही बघायला हवं.

छप्पर गळतं, जमिनीतली ओल भिंतीत चढते. भिंत, गोधडी, लाकूड ओलं राहिलं की एक-दोन दिवसांतच बुरशी धरायला लागते. काळे-हिरवट डाग आणि कुबट वास ही तिची खूण. तिचे बारीक कण हवेत उडतात आणि श्वासातून आत जातात.

शरीरात काय होतं?
रोगप्रतिकारशक्ती ही शरीराची राखणदार. काही जणांमध्ये ती या कणांनाच शत्रू समजते. कण आत गेले की शरीरात हिस्टामिन नावाचा पदार्थ सुटतो. मग शिंका, वाहतं नाक, डोळ्यांना खाज आणि दमा असेल तर धाप. ही ॲलर्जी. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही आणि सगळ्यांना होतही नाही. म्हणून "आम्हाला काही होत नाही, तुलाच कसं होतं?" असं सुनेला म्हणू नका. तिचा त्रास खरा असतो.

बुरशी लागलेला कडबा, पेंढा हलवल्यावर काही तासांनी थंडी-ताप, खोकला, धाप येत असेल तर तेही अंगावर काढू नका. वारंवार झालं तर फुफ्फुसाला कायमची इजा होऊ शकते.

काय करायचं?
- आधी गळती थांबवा. नुसता रंग मारला तर बुरशी परत येते.
- डाग कोरडे झाडू नका, कण उडतात. खिडकी उघडा, मास्क लावा, साबणाच्या पाण्याने घासा आणि जागा पूर्ण वाळवा. दमा असलेल्यांनी हे काम करू नये.
- ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीच एकत्र करू नका, विषारी वायू होतो.
- ऊन पडलं की अंथरुणं बाहेर टाका.
- धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीची तपासणीही करून घ्या. घरात ओल आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बैठकीत बोलूया
१. कुणाच्या घरात ओल आहे? तिथे कुणाला खोकला किंवा दमा आहे का?
२. छप्पर दुरुस्तीसाठी गटातून अंतर्गत कर्ज पावसाआधीच, मे महिन्यात देता येईल का?

दवाखान्याच्या फेऱ्यांवर दरवर्षी जाणारा पैसा एकदा छपरावर घातला तर लेकरू सुखाने झोपेल. ठराव लिहायला विसरू नका!