न्याहारीनंतरची वेळ

अगं, इकडे बस जरा. आईसमोर लाजतेस, कळतं मला. पण चार-चार दिवस पोट साफ होत नाही आणि तू नुसती चूर्णं फाकतेस, हे काही बरं नाही बाय.

तुझी सकाळ कशी जाते बघ. चौकातून बस धरायची, भाईंदरला लोकल गाठायची, म्हणून चहात दोन बटर बुडवून पळतेस. रविवारी निवांत खाशील, तर तांदळाची भाकरी नि सुकट. माझाही जीव आहे त्या भाकरीवर, पण पोटाला लागणारा चोथा तिच्यात कमीच, आणि मासळीत तर औषधालाही नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो, पांढऱ्या तांदळात ३सुद्धा नाही. मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून तीन वाट्या तांदळाच्या पिठात एक वाटी नाचणीचं मिसळ. उकड नेहमीसारखीच काढ, गरम असतानाच मळ. थापताना कडा चिरतील, ओला हात फिरव. सोबत मुगाची नाहीतर वालाची उसळ. मात्र एकदम ढीगभर नको. आतड्यातले जंतू चोथ्यावर तुटून पडतात, मग पोट फुगतं, गॅस होतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढव.

आणि पाणी पी गं! चोथा पाणी धरून ठेवतो, म्हणून मल मऊ राहतो. पाणीच नसेल तर उलट खडा होतो. तू का टाळतेस तेही ठाऊक आहे. आई बाजारात मासळी घेऊन बसायची तेव्हा घोटभरच प्यायची, कारण जवळ धड संडास नसायचा. बायकांनी दिवसदिवस तहान मारायची, याचा मला आजही संताप येतो.

आता खरं सांगायचं ते. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, आणि सकाळी त्याचा जोर जास्त. नेमकी तेव्हा तू बसमध्ये! कळ दाबलीस की आतडं मलातलं पाणी शोषत राहतं. थोडी लवकर उठ, खा, मग दहा मिनिटं संडासात बस, मोबाईल बाहेर ठेवून. कुंथू नकोस.

रोज झालंच पाहिजे असंही नाही, आठवड्यातून तीनदा त्रासाविना झालं तरी चालतं. पण रक्त दिसलं, वजन उतरलं, तर घरगुती उपाय बंद. सरळ डॉक्टरकडे जायचं. एकटीला लाज वाटत असेल तर मी येते बरोबर.