मातीच्या पाटीवरची देवी

मंडळी, आपल्या देशाच्या पश्चिमेला, समुद्रापलीकडे, सीरिया नावाचा देश आहे. १९२८ साली तिथल्या समुद्रकिनाऱ्याजवळ एक शेतकरी शेत नांगरीत होता. नांगराचा फाळ दगडाला अडला. दगड उचलून पाहतो, तो खाली जुने थडगे! बातमी सरकारपर्यंत गेली. पुढच्याच वर्षी फ्रान्स देशाचे विद्वान तेथे आले. क्लोद शेफर हे त्यांचे प्रमुख होते. जवळच एक मोठे टेकाड होते. त्याचे नाव रास शमरा, म्हणजे बडीशेपेचे टेकाड. ते खणले, तेव्हा आत एक शहरच्या शहर सापडले. त्या शहराचे नाव उगारित. सुमारे ३२०० वर्षांपूर्वी ते जळून ओसाड पडले होते.

शहरात पुष्कळ मातीच्या पाट्या मिळाल्या. ओल्या मातीच्या पाटीवर टोकदार काडीने खुणा करायच्या आणि पाटी वाळवायची, अशी त्या लोकांची लिहिण्याची रीत. १९३० साली विद्वानांना ती लिपी उलगडली. तिच्यात अक्षरे फक्त ३० होती. एका पाटीवर तर नुसती मुळाक्षरेच ओळीने लिहिलेली निघाली. तीन हजार वर्षांपूर्वीही माणसे तुमच्या-आमच्यासारखीच अक्षरे गिरवीत होती बरं का!

मोठ्या पाट्यांवर देवादिकांच्या गोष्टी होत्या. त्यांतली एक देवी म्हणजे अनात. ती युद्धाची देवी, तशीच शिकारीचीही. वयाने तरुण, कुमारी, आणि रागाने जाळासारखी. लढाईत ती गुडघाभर रक्तातून चालते, असे त्या पाट्यांवर लिहिले आहे.

उगारितची शेती पावसावर चाले. म्हणून पाऊस पाडणारा बआल हा तिथला मोठा देव. अनात ही त्याची बहीण. एकदा मोत नावाच्या देवाने बआलला गिळले. मोत म्हणजे मरण. आपण मेलेल्या माणसाला 'मयत' म्हणतो ना? हा शब्द आपल्याकडे अरबी भाषेतून आला. अरबी आणि उगारितची भाषा एकाच कुळातल्या. म्हणून मोत आणि मयत हे शब्द भाऊभाऊच.

बआल गेला, तसा पाऊस गेला. शिवार करपले. अनात भावाला रानोमाळ शोधीत हिंडली. त्याचे प्रेत सापडले, तेव्हा तिने ते डोंगरावर नेऊन पुरले. मग तिने मोतला गाठले. तलवारीने त्याला चिरले, चाळणीने पाखडले, जाळात भाजले, जात्यात दळले आणि शेतात पेरले! नीट पाहा, पिकाचे आपण जे करतो, तेच तिने मरणाचे केले. त्यानंतर देवांच्या बापाला स्वप्न पडले. आभाळातून तेल गळत होते, ओढ्यांतून मध वाहत होता. बआल पुन्हा जिवंत झाला होता.

पण ज्या देवीमुळे पाऊस परत आला, तिच्याच रागाने एकदा पाऊस गेला. ती गोष्टही ऐका.

दानेल नावाचा एक थोर माणूस होता. गावच्या वेशीपाशी खळ्यावर बसून तो विधवांचा आणि पोरक्या मुलांचा न्याय करी. देवाच्या कृपेने त्याला मुलगा झाला. त्याचे नाव अकहात. देवांच्या कारागिराने या मुलासाठी एक सुंदर धनुष्य दिले. अनातने ते पाहिले आणि तिला हाव सुटली. ती म्हणाली, सोने घे, चांदी घे, पण धनुष्य दे. अकहात देईना. ती म्हणाली, तुला अमर करते. तो म्हणाला, मला फसवू नकोस; सगळी माणसे मरतात, मीही मरणार. एवढ्यावर तो थांबला नाही. धनुष्य हे पुरुषांचे हत्यार, बायका कधी शिकार करतात काय, असे तो शिकारीच्या देवीलाच म्हणाला!

अनात संतापली. देवांच्या बापाला धमकावून तिने त्याची परवानगी मिळवली आणि यातपान नावाच्या मारेकऱ्याकडून अकहातचा जीव घेतला. ज्याच्यासाठी हे केले, ते धनुष्य तिला मिळालेच नाही. मग तीच रडली. पाऊस थांबला, पिके सुकली. दानेलने मुलासाठी सात वर्षे शोक केला.

अकहातला पुगात नावाची बहीण होती. ती पाणी भरी, पहाटेचे दहिवर गोळा करी, आणि ताऱ्यांच्या वाटा तिला ठाऊक होत्या. भावाचा सूड घ्यायला ती निघाली. आत वीराचा वेश आणि तलवार, वरून बाईचे कपडे, अशी ती यातपानच्या तळावर गेली. तिने त्याला दारू पाजली. यातपान बढाया मारू लागला. तिने पुन्हा पेला भरला...

आणि इथेच पाटी संपते! पुढचे लिखाण हाती आलेले नाही. पुगातने पुढे काय केले, हे आज जगात कोणीही सांगू शकत नाही.

एके काळी अनातचे नाव दूरवर गाजत होते. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याने आपल्या मुलीचे नाव बिंत-अनात, म्हणजे अनातची लेक, असे ठेवले होते. पुढे तिची पूजा बंद पडली. तिच्या या गोष्टी कोणाच्या तोंडी उरल्या नाहीत. इलिमिल्कू नावाच्या लेखकाने त्या पाट्यांवर लिहिल्या, आणि खाली आपले नावही घातले. म्हणून त्या आज आपल्याला कळतात. जेवढे लिहिलेले टिकले, तेवढे वाचले. बाकीचे मातीत गेले.

आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीही अशा गोष्टी असतात. आता तुम्हाला अक्षर येते. त्यांतली एक तरी वहीत उतरून ठेवा, आणि ती शेवटापर्यंत लिहा.

विचार करा आणि सांगा:
१. अनातने मोतचे काय केले? त्यातली कोणती कामे आपण शेतात आणि घरात करतो?
२. अकहातचे काय चुकले? अनातचे काय चुकले?
३. पुगातने पुढे काय केले असेल? चार ओळी लिहा.