पाच नगांवर तीन हजारांचा निकाल

बुशचा ३,००० नगांचा आमचा अख्खा लॉट एका मोठ्या ग्राहक कंपनीने पाच नग तपासून नापास केला. अंबडहून गाडी सकाळी गेली आणि दुपारी फोन आला, "पाचात एक बोअर ओव्हरसाइज. वीस टक्के माल खराब आहे तुमचा."

मी तडक त्यांच्या इनकमिंग तपासणी विभागात गेलो. दहा बिन्स होत्या. पाचही नग दाराजवळच्या एकाच बिनमधून, वरच्या थरातून उचललेले. बाकी नऊ बिन्सच्या पट्ट्याही कापल्या नव्हत्या! ते पाहिल्यावर कळलं, इथे माल तपासलाच गेला नाही.

पीओवर आयएस २५०० आणि एक्यूएल १.० त्यांनीच लिहिलेलं. सर्वसाधारण पातळी दोनला एवढ्या लॉटमधून १२५ नग काढायचे. तीनपर्यंत सदोष निघाले तर लॉट घ्यायचा, चार निघाले तर परत. मी तक्ता पुढे केला. "अहो, आमच्याकडे झीरो डिफेक्ट चालतं, तक्ते नका दाखवू," हे उत्तर. शेवटी आमच्याच खर्चाने सगळा माल निवडला. सदोष निघाले १८, म्हणजे ०.६ टक्के, आणि सगळे त्याच एका बिनमधले, एकाच शिफ्टचे. डेबिट नोट मात्र कायम राहिली. दिलगिरीचा शब्दही नाही.

पाचात एक सदोष निघाला, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरं प्रमाण अर्ध्या टक्क्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत कुठेही असेल. आणि तेही नग सगळ्या लॉटमधून यादृच्छिक काढले असतील तरच.

सातपूर, अंबड, सिन्नरच्या लहान कारखानदारांनो, पीओत नुसता आयएस नंबर चालवून घेऊ नका. तपासणीची पातळी, एक्यूएल आणि नग कोणत्या बिन्समधून, कसे काढायचे, हे लिहून घ्या. शून्य सदोषची अट हवी असेल तर नमुन्याचा आकडाही ठरवा आणि भाव त्याप्रमाणे लावा.

प्रत्येक बिनला मशीन, शिफ्ट आणि हीट नंबरचा टॅग लावा. दोष एका शिफ्टपुरता होता, हे मला टॅगमुळेच दाखवता आलं.

वाद बोअरचा असेल तर तेच नग दोघांच्या गेजवर मोजा. गेज आर अँड आर ३० टक्क्यांच्या वर असेल तर त्या गेजचा निकाल मानू नका.

"दहा टक्के तपासतो" म्हणणाऱ्यावरही विसंबू नका. ५० च्या लॉटमधून पाच नग काढले, तर दोन टक्के खराब माल दहात नऊ वेळा पास होतो.

टिकाऊपणाचंही तेच. तीन नग एंड्युरन्सला टिकले, तर ९० टक्के खात्रीने विश्वासार्हता जेमतेम ४६ टक्के सिद्ध होते. ९० टक्के सिद्ध करायला २२ नग एकही न मोडता टिकावे लागतात.

बाकी नेहमीचंच: सगळं लेखी ठेवा, फोनवर भांडू नका, रिजेक्शनचं कारण लेखी मागा.

यातलं काहीच नवं नाही. अमेरिकी सांख्यिकीतज्ज्ञ शूहार्ट यांनी कंट्रोल चार्ट १९२४ मध्ये मांडला. महालनोबिसांनी कोलकात्यात सांख्यिकी संस्था १९३१ मध्ये काढली, आणि शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊनही गेले. इतकं जुनं शास्त्र मोठ्या कंपनीच्या इन्स्पेक्टरला ठाऊक नसावं, याला सबब नाही.

नमुना काढताना माझा माणूस हजर राहील, ही अट मान्य असेल तरच आता मी ऑर्डर घेतो. तुम्हीही ती अट घाला.