आधी शॉवर कुठे आहे ते बघून ठेव

बायो, बॅग भरून झाली असेल तर दहा मिनिटं बस माझ्याजवळ. आईने चकल्यांचा डबा कोंबलाय ना? राहू दे. पहिल्या आठवड्यात त्या वासाने हॉस्टेलची अख्खी विंग तुझ्या खोलीत येईल. मेडिकलला निघालीस म्हणून मी अभ्यासाचं काही सांगणार नाहीये. ते सांगायला बोईसर स्टेशनपासून नवापूर नाक्यापर्यंत माणसं उभी आहेत.

पप्पा तारापूर एमआयडीसीत लागले, त्या पहिल्या दिवसाची गोष्ट तू ऐकली आहेस. त्यांना मशीन दाखवलंच नाही म्हणे. आधी सेफ्टी शॉवर दाखवला. अंगावर ॲसिड उडालं तर डोळे मिटलेले असतानाही पाय तिकडेच गेले पाहिजेत, म्हणून तीनदा चालत नेलं. मग शेडवरचा तो केशरी-पांढरा कापडी मोजा दाखवला, ज्याला आपण लहानपणी भुताचा पायमोजा म्हणायचो. गॅस सुटला तर मोजा उडतोय त्या बाजूला धावायचं नाही, वाऱ्याला आडवं निघायचं. आणि हे विचारणाऱ्याला तिथे कुणी ‘घाबरट’ म्हणत नाही.

मेडिकलला मात्र पहिल्या दिवशी थेट मशीनच दाखवतात.

मला फॉर्मॅलिनच्या वासाचं काही वाटलं नाही, बोईसरच्या पोरीला काय त्याचं! मी कोसळले ती पहिल्या पीसीटीला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला. ॲनाटॉमीत 40 पैकी 11. बारावीपर्यंत पहिला नंबर न सोडलेली मी, हॉस्टेलच्या बाथरूममध्ये बादलीचा नळ सोडून रडायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. घरी फोनवर ‘छान चाललंय’. एक दिवस धीर करून ‘समुपदेशन कक्ष’ लिहिलेल्या दारापर्यंत गेले. आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि एक मोडका पंखा. बोर्ड होता, माणूस नव्हता. मी परत आले आणि दोन महिने कुणाकडेच गेले नाही. चूक तिथे झाली बघ. कॉलेजची होतीच, पण शॉवर शोधायला मी ॲसिड उडाल्यावर निघाले, ही माझी.

म्हणून पहिल्याच शनिवारी, मजेत असताना, हे काम उरक. समुपदेशकांची खोली कुठे, कोणत्या वारी कोण बसतं, दार खरंच उघडतं का. तुझ्या मेंटॉर सरांना किंवा मॅडमना एकदा नुसतं नाव सांगून ये. आता सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो, 2019 पासून. मुलं त्यात मागे बसून पेंगतात. तू पेंगू नकोस. ताणाबद्दलचं सेशन कोण घेतंय ते बघ. त्या माणसाची नजर आवडली तर तोच तुझा माणूस, खुर्ची कुठलीही असो. मला शेवटी सावरलं ते फिजिऑलॉजीच्या एका मॅडमनी. त्यांच्या दारावर ‘समुपदेशन’ असं काही लिहिलेलं नव्हतं.

‘माझ्यासारखी मीच’ असं वाटेल तेव्हा एक आकडा आठव. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाने देशभरच्या मुलांना विचारलं. पंचवीस हजारांवर एमबीबीएसच्या मुलांनी उत्तरं दिली आणि त्यांतल्या 27.8 टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं. दीडशेच्या बॅचमध्ये चाळीसेक झाले. तुझ्या बाकावर, मेसच्या रांगेत, सगळीकडे. त्याच कार्यगटाने रेसिडेंटना आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त काम नको, एक सुट्टी हवी, सात-आठ तास झोप हवी असंही म्हटलंय. वॉर्डात हे वाचून दाखवलंस तर लोक हसतील. हसू देत.

आता जरा कडू बोलते. अभ्यासाचा ताण वेगळा आणि माणसाने दिलेला त्रास वेगळा. नापास होऊन सप्ली लागली तर समुपदेशक कामाचा. पण कुणी तुझं आडनाव, गाव, तुझं मराठी, तुझा आरक्षणाचा कोटा काढून रोज टोचत असेल, तर तिथे ‘मन खंबीर कर’ या सल्ल्याचा काही उपयोग नाही. डॉ. पायल तडवी आठवते? जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली. नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. 22 मे 2019 ला ती गेली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे, दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल. मला तिच्याबद्दल बोलताना अजून घशात काहीतरी अडकतं. आपल्या जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या, वारली-कोकणा घरातल्या मुली आता डॉक्टर होताहेत. तुझ्या खोलीत त्यातली कुणी आली तर कान उघडे ठेव.

आणि तक्रार करायची झाली तर लेखी कर, बायो. तोंडी बोललेलं त्या पायमोज्यासारखं वाऱ्याबरोबर फिरतं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. तारीख टाक, एक प्रत स्वतःकडे ठेव, पोच घे. पप्पाही लिहू शकतात. कॉलेजातच तुझी वाट अडली तर रॅगिंगविरोधी देशपातळीवरची हेल्पलाइन आहे, 1800-180-5522.

एक भीती मला होती, तुलाही असेल. आपल्याच कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत गेलं आणि केसपेपर लिहायला आपलाच सीनियर बसलेला असला तर? कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवायला हवी, 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात ते कलम 23 मध्ये आहे. पण कायदा कॉरिडॉरमधल्या नजरा थांबवत नाही, हे मला ठाऊक आहे. मग बाहेर जा. टेली-मानसचा 14416 नंबर आहे, फुकट, रात्री तीनलाही उचलतात, मराठीत बोलता येतं. वहीच्या पहिल्या पानावर लिहू नकोस, रूममेटला दिसेल म्हणून लाजशील. फोनमध्ये ‘चकलीवाली’ म्हणून सेव्ह कर.

मी तर आहेच. पण माझी नाइट ड्यूटी असली की फोन उचलला जात नाही, म्हणून मला एकटीला तुझा शॉवर करू नकोस. रविवारी जीव गुदमरला तर सरळ डहाणू लोकल पकड आणि ये. कारण विचारणार नाही. आई विचारेल, तिला मी बघून घेईन.

बघ, तो डबा नीट बसला नाहीये. दे इकडे, मधल्या फटीत शेव भरते.