कॅसेट डीव्हीडीवर टाकण्याआधी

बाबांनी 2004च्या उन्हाळ्यात वाईजवळच्या आमच्या घरी आजीच्या जात्यावरच्या ओव्या शूट केल्या. चार मिनीडीव्ही कॅसेट भरल्या. पुढे एका स्टुडिओने त्या चारही एकाच डीव्हीडीत बसवून दिल्या. मग कुणीतरी त्या डीव्हीडीची मोबाइलसाठी एमपी4 केली आणि नातेवाइकांत तीच फिरत राहिली. आजी गेल्यावर आम्ही ती मोठ्या पडद्यावर लावली. खुंट्यावर फिरणाऱ्या हाताची बोटं दिसेनात, कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा आणि चेहरा गुळगुळीत. तिच्या सुरकुत्याच गेल्या होत्या.

कारण साध्या हिशेबात आहे. मिनीडीव्हीत सेकंदाला 25 मेगाबिटचं चित्र असतं. तासाला सुमारे 13 जीबी. चार तासांचे 52 जीबी 4.7 जीबीच्या डीव्हीडीत कोंबायचे, तर सेकंदाला जेमतेम अडीच मेगाबिट उरतात. शिवाय डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली असते. डीव्हीडीच्या एमपेग-2मध्ये बहुतेक फ्रेममध्ये आधीच्या-नंतरच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच लिहितात. जागा अपुरी पडली की जिथे हालचाल जास्त तिथेच चित्र फुटतं, आणि जात्यावर तर हात थांबतच नाही. पुढची एमपी4 या फुटक्या चित्रावरून झाली. कंगव्याच्या रेषा मात्र वेगळ्या कारणाने येतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका फ्रेमच्या विषम आणि सम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेल्या असतात. रूपांतर करताना त्या नीट उलगडल्या नाहीत, तर हलत्या वस्तूची कड अशी दातेरी होते.

बाबांनी कॅसेट जपल्या होत्या म्हणून वाचलो. जुना कॅमेरा आणि फायरवायर पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर जोडला. फायरवायरच्या वायरीतून कॅसेटवरचा डेटा जसाच्या तसा उतरतो, पुन्हा कॉम्प्रेस होत नाही. बऱ्याच मिनीडीव्ही कॅमेऱ्यांच्या यूएसबीतून तसं होत नाही, हे लक्षात असू द्या. डीव्ही फाइलमध्ये प्रत्येक शॉटची तारीख आणि वेळही सापडली. कोणती ओवी कोणत्या पहाटेची, हे आता कळतं. डीव्हीडीत त्यातलं काहीच आलं नव्हतं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: साठवायची प्रत आणि पाहायची प्रत वेगळ्या ठेवा. मिनीडीव्ही असेल तर डीव्ही फाइलच साठवा. एक टीबीच्या डिस्कवर सत्तर तासांहून जास्त शूटिंग मावतं. व्हीएचएस असेल तर चित्र अ‍ॅनालॉग असतं, ते डिजिटल करावंच लागतं. अजिबात कॉम्प्रेस न करता तासाला सुमारे 75 जीबी लागतील. एफएफव्ही1 हा फॉरमॅट एकही बिंदू न गमावता त्यातली बरीच जागा वाचवतो, आणि तो खुला असल्याने एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही.

पाहायच्या प्रतीसाठी एच.264 घ्या. 2003 पासूनचा हा फॉरमॅट टीव्ही, मोबाइल सगळीकडे चालतो. एच.265 जागा कमी घेतो, पण जुन्या टीव्हीवर अडतो. रूपांतराच्या हँडब्रेक या प्रोग्राममध्ये आरएफ हा दर्जाचा आकडा 18 ते 20 ठेवा आणि डीइंटरलेस करताना, म्हणजे विषम-सम ओळी उलगडताना, सेकंदाला 25 ऐवजी 50 फ्रेम निवडा, म्हणजे हालचाल मुळासारखी सलग दिसते. ही प्रत बिघडली तर पुन्हा मूळ फाइलवरूनच करायची. तयार एमपी4ची आणखी लहान एमपी4 करू नका. मोबाइलवरचं शूटिंग आधीच कॉम्प्रेस केलेलं असतं, ते तसंच उतरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मूळ फाइल दोन डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. सगळं उतरवून, शेवटापर्यंत पाहून झालं तरी कॅसेट टाकू नका. आमची तिसरी कॅसेट मधेच अडखळत होती. कॅमेऱ्याचं हेड साफ करून पुन्हा लावली, तेव्हा तो भागही स्वच्छ उतरला.