पाच अंश वाढव म्हणतात तेव्हा

अगं, धुळ्याहून पुण्याला गेलीस, स्कूटरच्या बॅटरीचं सॉफ्टवेअर लिहायला लागलीस आणि आता रिक्वायरमेंट सारखी बदलते म्हणून रडकुंडीला आलीस. साहजिक आहे गं. पण खरं सांगू का, या कामात नियमसुद्धा चालत्या कामात बदलतात. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या आणि बॅटरीच्या सुरक्षेचं मानक एआयएस-१५६ कडक झालं. एक सेल बिघडून तापला तरी अख्खी बॅटरी पेटू नये, चालकाला वेळीच इशारा मिळावा, असं बरंच त्यात आलं. ते लागू व्हायची तारीखही १ ऑक्टोबरवरून सरकली आणि दोन टप्पे झाले, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३. तेव्हा तुझ्यासारख्या कितीजणींची झोप उडाली असेल!

आता तुझं बघू. विक्रीवाले म्हणतात, मे महिन्यात जळगाव-भुसावळला गाडी चार्ज होत नाही, तापमानाची मर्यादा पाच अंशांनी वाढव. कोडमध्ये एकच आकडा, हात शिवशिवतात ना? थांब. तो आकडा कुठून आला ते आधी शोध. बहुतेक लिथियम-आयन सेलना चार्जिंगसाठी ४५ अंशांच्या आसपास मर्यादा असते. तुमच्या सेलची नेमकी किती, ते बनवणाऱ्याच्या कागदात असेल. आपल्याकडे मे महिन्यात हवाच तेवढी तापते, उन्हातल्या गाडीचं तर विचारूच नको. म्हणजे तक्रार खरी आहे, मागितलेला उपाय मात्र धोक्याचा. बॅटरी निवेपर्यंत चार्जिंग थांबवायचं आणि का थांबलं ते डिस्प्लेवर दाखवायचं, अशी वेगळी रिक्वायरमेंट मांड. तिला क्रमांक दे, कारण लिही, कुठल्या जुन्या टेस्ट पुन्हा चालवायच्या तेही लिही. आई कॅलेंडरवर दुधाचे खाडे त्याच दिवशी मांडते ना, तसं लगेच.

आणि बघ, कोडला कुणी हात लावला नाही तरी गरज बदलते. ४ जून १९९६ ला एरियान-५ रॉकेट उडाल्यावर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झालं. आधीच्या एरियान-४ चा काही कोड तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, तो आकडा १६ बिटांत मावला नाही. जुनं गृहीतक नव्या उड्डाणाशी ताडून पाहिलं गेलं नव्हतं. म्हणून कारणाशेजारी गृहीतकही लिहीत जा.

उद्या गेल्या गेल्या ते पाच अंश मेलवर लेखी माग. सेफ्टीवाल्यांची सही येईपर्यंत फाइल उघडायची नाही, कळलं? आणि डबा वेळेवर खा.