अस्थिमज्जा रोपणानंतर मुलाला हलते ठेवा

आजारी लेकराला 'पडून राहू दे' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. अस्थिमज्जा रोपणानंतर मात्र तिने नुकसानच होते. भारतातील पहिले असे रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले, तेही नऊ वर्षांच्या मुलीवर. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी मुलाला काही आठवडे स्वतंत्र खोलीत ठेवतात. सतत झोपून स्नायू झिजतात, छातीत कफ साचतो. म्हणून निलंग्याहून उपचारासाठी मुंबईस जाणाऱ्या पालकांना मी सांगतो : डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलाला रोज थोडा थोडा वेळ उठवून बसवा, खाटेभोवती चालवा, खेळवा. ताप, चक्कर, रक्तस्राव असल्यास किंवा प्लेटलेट फार कमी असल्यास मात्र आधी विचारा. मूल दमले तर थांबावे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उठवावे.